आधी रात्र, मग डोंगर

प्रश्न : मी कॉलेजपासून डोंगर चढते. मध्ये काही वर्षं खंड पडला, आता पुन्हा सुरू केलंय. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दिवसाच्या भटकंतीला तो माझ्याबरोबर येतो, सहा-सात किलोमीटर मजेत चालतो. आमच्या जुन्या ग्रुपने आता दोन दिवसांचा ट्रेक ठरवलाय. पहिल्या दिवशी ११ किलोमीटर चाल आणि ९०० मीटर चढ, वर तंबूत मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने खाली. मुलालाही न्यावं असं फार वाटतंय. नवरा म्हणतो, "दहा-बारा वर्षांचा होऊ दे, घाई काय आहे?" सासूबाईंनी तर विषयच बंद केलाय. मुलाला अंधाराची भीती वाटते, घरात रात्री बाथरूमला जायलाही सोबत लागते. कितव्या वर्षी न्यावं, पाठीवर किती ओझं द्यावं, रात्री रडायला लागला तर काय करायचं? आणि हो, एक राहिलंच. अजून आठवड्यातून एखाद्या रात्री त्याची गादी ओली होते. ग्रुपमध्ये हे कुणाला माहीत नाही.
– एक आई

उत्तर : तुम्ही जे जाता जाता लिहिलंय ते मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं गणित त्यावर ठरणार आहे.

सात वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी साधारण पाच ते दहा जणांची गादी रात्री ओली होते. त्याच्या वर्गातही आणखी कुणीतरी असायची दाट शक्यता आहे, फक्त त्या घरातले लोकही तुमच्यासारखेच गप्प आहेत. मूल हे मुद्दाम करत नाही आणि आळसानेही करत नाही. मूत्राशय भरल्याचा निरोप त्याला झोपेतून उठवण्याइतका जोरात पोचत नाही, एवढंच. आई-वडिलांपैकी कुणाचं लहानपणी असंच असेल तर मुलाचंही असण्याची शक्यता वाढते, तेव्हा नवऱ्याला जरा विचारून बघा. एकच अपवाद : मध्ये सहा महिने किंवा जास्त काळ रात्री कोरड्या गेल्या होत्या आणि आता पुन्हा सुरू झालं असेल, तर ट्रेकचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. तसं नसेल तर या कारणासाठी त्याला घरी ठेवायची गरज नाही.

तयारी मात्र नीट हवी. घरी गादी ओली झाली तर चादर बदलली की विषय संपतो. डोंगरावर ओलं म्हणजे गार, आणि गार म्हणजे उरलेली रात्र जागरण. त्यात भोवती आईचे मित्र-मैत्रिणी. सातव्या वर्षी मुलाला लाज चांगलीच कळते.

मोठ्या मुलांच्या मापाच्याही रात्रीच्या शोषक पँट मिळतात. त्यातली एक घडी करून त्याच्या रात्रीच्या पायजम्यात गुंडाळा आणि तो गोळा संध्याकाळीच स्लीपिंग बॅगच्या आत सारून ठेवा. झोपताना तंबूची चेन लावली की तो बॅगेच्या आतल्या आत कपडे बदलेल, कुणाला काही दिसणार नाही. हे घरी दोन-तीनदा करून बघा. आडवं पडून, पाय वर करून पायजमा चढवायचा म्हणजे मुलांना भलतीच गंमत वाटते, आणि सवय झाली की मिनिटभरात होतं. वापरलेली पँट जाड, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून तुमच्याच सॅकमध्ये परत आणायची. पुरायची नाही, जाळायचीही नाही. त्याची स्लीपिंग बॅग पिसांची नको, सिंथेटिक भरणीची घ्या. पिसं भिजली की चिकटून बसतात आणि ऊब जवळजवळ जाते. सिंथेटिक भिजली तरी थोडीफार ऊब धरते आणि घरी धुताही येते. आत एक पातळ लायनर, म्हणजे काढून धुता येणारं अस्तर, घाला. कोरड्या कपड्यांचा एक जोड अंधारात हाताला लागेल अशा जागी, डोक्याशी ठेवा. तुमची स्वतःची बॅग पूर्ण उघडून पांघरुणासारखी करता येत असेल तर उत्तम, वेळ आली तर तो सरळ तुमच्या कुशीत येईल.

गादी ओली होऊ नये म्हणून त्याचं पाणी मात्र तोडू नका. दिवसभर चढणाऱ्या मुलाला तहानलेलं ठेवणं हे ओल्या गादीपेक्षा कितीतरी वाईट. दुपारपर्यंत भरपूर पाजा, संध्याकाळनंतर आपोआप कमी लागेल. तुम्ही झोपायला जाताना त्याला एकदा उठवून बाहेर नेऊन आणा. बाहेरगावच्या रात्रींपुरतं डॉक्टर कधी कधी एक औषध देतात, हे तुमच्या कानावर आलं असेल. ते घेतल्यावर त्या रात्री पाणी फार मोजून प्यावं लागतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं. घामाघूम होऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत हे जमवणं अवघड. त्यामुळे आपल्या मनाने किंवा कुणाच्या सांगण्यावरून ते देऊ नका. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर 'दिवसभर चढणार आहे' हेही सांगा.

आता तुमच्या ग्रुपचा ट्रेक. मुलाला घेऊन त्यावर जाऊ नका.

तुम्ही स्वतः चांगल्या चालणाऱ्या आहात, म्हणून तुमच्याच हिशेबाने बोलते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा मांडला, तो आजही चालतो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ११ किलोमीटर आणि ९०० मीटर म्हणजे सुमारे पावणेचार तास. हे सडसडीत मोठ्या माणसाचं आणि कुठेही न थांबता. सात वर्षांच्या मुलासाठी त्याची सरळ दुप्पट धरा, त्यात खाणं, शू, बुटातला खडा, वाटेवरचा किडा मिळवा. नऊ तास तरी झाले. म्हणजे तुम्ही मुक्कामाला पोचणार तिन्हीसांजेला, मुलगा गळून गेलेला, तंबू उभा करायचा बाकी, आणि ज्याची त्याला भीती वाटते तो अंधार पुढ्यात येऊन उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ११ किलोमीटर, तेही उताराचे. अशा रात्रीनंतर मूल पुन्हा सॅक उचलत नाही, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

तुमच्या पत्रात मला खरी अडचण दिसते ती अशी की तुम्ही दोन नवीन गोष्टी त्याच्यापुढे एकदम ठेवताय. दिवसा चालणं त्याला येतं. उघड्यावरची रात्र त्याने कधी पाहिलेली नाही. दोन दिवसांची लागोपाठची चालही नवीन आहे. या दोन्हींना वेगळं काढा. आधी चालण्याशिवायची रात्र करू द्या. ती अंगवळणी पडली की थोड्या चालीची रात्र. तुमचा तो ९०० मीटरचा डोंगर कुठे पळून जात नाही. तो बघायची ओढ तुम्हाला आहे, त्याला अजून त्याचं नावही ठाऊक नसेल. ग्रुपबरोबर तुम्ही एकट्या जा की खुशाल! तुमचा डोंगर आणि त्याची पहिली रात्र, दोन्ही एकाच ट्रेकमध्ये उरकायचा मोह तेवढा सोडा.

नवरा 'दहा-बारा' म्हणतो, त्यालाही थोडं सांगायला हवं. वयाचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. तान्ही मुलं पाठीवर घेऊन तंबूत राहणारे आई-बाप जगभर आहेत, आणि बारा वर्षांची मुलंही पहिल्या रात्री घाबरून रडतात. बघायचं ते एवढंच की मुलाला आपल्या अंगात काय होतंय ते सांगता येतं का. गार वाटतंय, तहान लागलीय, टाच चुरचुरतेय, पोटात कसंतरी होतंय हे विचारल्याशिवाय बोलता येतं का. सात वर्षांचं मूल हे बोलू शकतं. तुमचं बोलतं का, ते तुम्हालाच माहीत. आणि त्याला जायचंय का, हे मला तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही. विचारा त्याला.

सुरुवात घरातून करा. बैठकीच्या खोलीत, गच्चीत, अंगणात, जिथे जमेल तिथे तंबू लावा आणि दोघं त्यात झोपा. उगाच गंमत म्हणून नव्हे, पूर्ण रात्र, सगळं सामान घेऊन. स्लीपिंग बॅगची चेन आतून अंधारात उघडता येते का, हे त्या रात्री कळतं. बहुतेक लहान मुलांचं घोडं तिथेच अडतं. आतली पट्टी चेनमध्ये अडकते, मूल ओढतं, आणखी अडकते, मग आपण आत कोंडलो असं वाटून एकदम जीव घाबरा होतो. चेनच्या लोंबणाऱ्या टोकाला जाड दोरीचा तुकडा बांधा आणि 'आधी थोडं मागे, मग पुढे' हे त्याच्या बोटांना शिकवा. हेडटॉर्च त्याची स्वतःची असू दे आणि ती झोपताना नेमकी कुठे ठेवायची तेही त्यानेच ठरवू दे.

पुढची रात्र अशा ठिकाणी करा जिथे गाडी तंबूपासून हाकेच्या अंतरावर उभी राहते. कॅम्पसाइट असेल तर बरं. तिथे त्याला शब्द द्या : 'रात्री कितीही वाजता घरी जावंसं वाटलं तर आपण जाऊ, मी रागावणार नाही.' आणि खरंच तसं वागा. रात्री बारा वाजता तंबू गुंडाळताना तुमचा चेहरा पडला तर तो शब्द खोटा ठरला, मुलं ते बरोबर टिपतात. परत आलात तरी काही बिघडत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येईल. परतीचं दार उघडं आहे हे कळलं की बरीच मुलं त्या दाराकडे वळूनही बघत नाहीत.

या दोन रात्री बऱ्या गेल्या की मग पहिला खरा मुक्कामी ट्रेक. दिवसाला तो जेवढं हसतखेळत चालतो त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. म्हणजे तुमच्या बाबतीत एका बाजूला तीन किलोमीटर आणि अडीचशे मीटरच्या आत चढ. नेस्मिथच्या हिशेबाने तासाभराची चाल, त्याच्या पायांनी दोन-अडीच तास. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल, ठाऊक आहे. पण सकाळी निघून दुपारच्या आत पोचलात की हातात अख्खी दुपार उरते, आणि मुलाचा ट्रेक तेव्हा सुरू होतो. ओढ्यात दगड टाकणं, खुंट्या ठोकणं, काटक्यांचं घर बांधणं. जागा ओळखीची झाली की अंधार पडल्यावर ती परकी वाटत नाही. एकच सक्त सांगणं : सूर्यास्ताच्या निदान दोन-तीन तास आधी तंबू उभा असला पाहिजे.

उंचीचं भान ठेवा. हवेचं तापमान दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली रात्री १८ अंश असेल तर ९०० मीटर वर तीच रात्र १२ अंशांची. वारा असेल तर त्याहून गार वाटणार. आणि २५०० मीटरच्या वर पहिला मुक्काम मुळीच नको. तिथे विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि लहान मुलाची कुरकुर थकव्याची की उंचीची, हे ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं.

थंडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पहिल्या रात्री बिघडतात त्या भीतीपेक्षा गारठ्याने. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून त्याची ऊब आपल्यापेक्षा लवकर निघून जाते. स्लीपिंग बॅगवर जे तापमान छापलेलं असतं ते प्रौढ स्त्री-पुरुष धरून मोजलेलं असतं, मुलांना ते लागू नाही. रात्री जेवढी थंडी पडेल असा अंदाज आहे, त्याहून निदान पाच-सात अंश खालचा आकडा छापलेली बॅग त्याच्यासाठी घ्या. मोठ्यांची बॅग दिलीत तर पायाकडची रिकामी जागा दुमडून खाली घाला किंवा कोरडे कपडे भरून टाका, नाहीतर बिचारा रात्रभर ती मोकळी हवाच तापवत बसेल. खालून येणारा गारवा तर बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. अंगाखाली बॅगेची भरणी दबून चपटी होते, तिथे ऊब राहत नाही, ते काम मॅटचं. जाड फोमची मॅट घ्या, शंका असेल तर दोन एकावर एक घाला. पोचल्या पोचल्या घामाचा बनियन काढून कोरडे कपडे घाला, मोजेसुद्धा. सुती कपडा एकदा भिजला की तासन्‌तास वाळत नाही. झोपायच्या आधी एका पक्क्या झाकणाच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती मोज्यात घालून त्याच्या पायाशी द्या. एवढ्याशा गोष्टीने मुलं पाच मिनिटांत घोरायला लागतात. तोंड मात्र बॅगेच्या बाहेरच राहू द्या.

आणि कितीही गारठा असला तरी तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. आगीची भीती आहेच, पण जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला तो कळतही नाही. बाहेर स्टोव्ह पेटवाल तेव्हा त्याच्याभोवती काठीने एक गोल आखा, मुलाने त्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. उकळत्या पाण्याचं भांडं लवंडायला एक लाथ पुरते.

अंधाराच्या भीतीला 'काही नसतं रे' म्हणून उडवून लावू नका. काहीतरी असतंच : तंबूचं कापड फडफडतं, पानं वाजतात, कीटक ओरडतात, एखादं फळ धपकन पडतं. दिवस मावळताना त्याच्याबरोबर बाहेर बसा आणि आवाज मोजा. प्रत्येक आवाज कशाचा ते दोघं मिळून शोधा, नाही सापडला तर तुमच्या मनाने नाव ठेवा. नाव मिळालं की आवाज ओळखीचा होतो. मग टॉर्च बंद करून बसा. माणसाचे डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. सुरुवातीला काळंकुट्ट दिसणारं रान हळूहळू दिसायला लागतं, आधी झाडांच्या कडा, मग वाट, मग स्वतःचे हात. हे होताना मुलाला बघू द्या. कुणी मध्येच टॉर्च डोळ्यांवर मारली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून टॉर्चला लाल दिवा असेल तर तोच वापरा. शिवाय तारीख निवडणं तुमच्या हातात आहे. पौर्णिमेच्या आधीचे तीन-चार दिवस धरा. सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आधीच वर आलेला असतो आणि रात्रीचा बराच काळ सोबत देतो. ढगाळ किंवा गडगडाटी हवेचा अंदाज असेल तर मुकाट्याने बेत रद्द करा.

रात्रीच्या शूची जागा उजेडातच ठरवा. तंबूपासून दहा-वीस पावलं, वाटेत दोरी किंवा दगड नाही अशी. दोघांनी एकदा दिवसा आणि एकदा झोपायच्या आधी तिथे जाऊन यायचं. मोठ्या कामासाठी ओढ्यापासून आणि तंबूपासून निदान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा. मुलं उघड्यावर बसायला लाजतात आणि दाबून ठेवतात, मग पोट दुखतं. खड्डा खणायचं छोटं फावडं त्याच्या ताब्यात द्या, निम्मी लाज तिथेच पळते. पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून घ्या. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर तीन.

ओझ्याचा प्रश्न सोपा आहे. त्याच्या वजनाच्या दहा टक्के, त्याहून जास्त नाही. सात वर्षांचं मूल साधारण २२-२३ किलोचं असतं, म्हणजे दोन किलो आणि थोडं. त्यात सॅकचं वजनही आलं. अर्ध्या लिटरची बाटली, जॅकेट, खाऊ, टॉर्च, शिट्टी आणि त्याला हवं ते एक खेळणं. खेळण्यावर काटकसर करू नका, रात्री तेच उपयोगी पडतं. बाकी सगळं तुमच्या पाठीवर. आणि तुमची सॅकही इतकी हलकी हवी की वेळ आली तर ती तिथेच ठेवून त्याला उचलता येईल. म्हणूनच बरोबर दुसरं मोठं माणूस हवं. एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने मदत आणायची, हे एकट्याने होत नाही. नवरा आला तर फारच छान. नसेल येत, तर त्याच वयाचं मूल असलेलं एखादं कुटुंब शोधा. मुलं मोठ्यांच्या शंभर वेळा सांगण्याने जेवढी चालत नाहीत तेवढी दुसऱ्या मुलामागे धावतात.

पायांकडे बघा. निघायच्या दोन दिवस आधी नखं कापा, नाहीतर उतारावर बुटाच्या टोकाला आपटून अंगठा काळानिळा होतो. बूट नवे नकोत. टाच लाल दिसली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून उपयोग नाही. वाटेत दर पाऊण तासाला काहीतरी खायला द्या, भूक लागायच्या आधी. आणि "अजून किती?" ला "हे काय, आलंच!" असं उत्तर देऊ नका. खरं सांगा, नकाशावर बोट ठेवून. दोनदा फसलेलं मूल तिसऱ्यांदा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि डोंगरावर त्या विश्वासाशिवाय तुमच्याकडे दुसरं काही नसतं.

हरवण्याबद्दल मुलाशी बोलायला आई-बापांची जीभ रेटत नाही. तरी बोला. १९८१ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नऊ वर्षांचा एक मुलगा डोंगरात वाट चुकला. शेकडो लोकांनी शोधलं. तो सापडला तेव्हा थंडीने गेलेला होता. त्यानंतर शोधपथकातल्या लोकांनी मुलांना शिकवण्यासाठी एक उपक्रम सुरू केला. त्याचं सूत्र एका ओळीचं आहे : वाट चुकलास असं वाटलं की जवळच्या झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. चालत राहणारं मूल शोधणाऱ्यांपासून लांब जातं, थांबलेलं सापडतं. तुमच्या मुलाला एवढंच शिकवा. झाडाजवळ थांबायचं, शिट्टी तीनदा वाजवायची, थोडं थांबून पुन्हा तीनदा. शोधायला येणारी अनोळखी माणसं हाक मारतील, त्यांना ओ द्यायची, लपायचं नाही. घाबरलेली मुलं लपून बसतात, 'अनोळखी माणसाशी बोलू नको' हे आपणच शिकवलेलं असतं. शिट्टी त्याच्या गळ्यात असू दे, सॅकमध्ये नको. ती खेळायला मिळणार नाही हेही आधीच सांगा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासातच तुमचे कान किटतील.

आता रात्री रडण्याचं. चालून गेलेल्या मुक्कामात 'लगेच घरी' हा शब्द देऊ नका, कारण रात्री झोपेतल्या मुलाला घेऊन वाट उतरणं हेच जास्त धोक्याचं. निघायच्या आधी घरीच स्पष्ट सांगा : 'तिथे रात्री परत येता येत नाही. उजाडलं की तू म्हणशील त्या क्षणी निघू.' मग रडला तर जवळ घ्या, थोडं खायला द्या, गार आहे का बघा, शू लागलीय का विचारा. दहातली आठ रडणी यात भागतात. समजुतीची भाषणं देऊ नका आणि 'शहाणा मुलगा रडत नाही' तर अजिबात म्हणू नका. सकाळी त्याने घरी जायचं म्हटलं तर शिखर शंभर पावलांवर असलं तरी खाली वळा.

रडणं वेगळं आणि दुखणं वेगळं, एवढं मात्र ओळखता यायला हवं. मूल कुडकुडतंय तोवर अंग लढत असतं. कुडकुडणं थांबलं पण अंग गारच आहे, बोलणं अडखळतंय, हातातून वस्तू सुटतात, भलतीच गुंगी आलीय, अशी चिन्हं दिसली तर ते अंग हरायला लागल्याचं लक्षण आहे. ओले कपडे काढा, त्याला तुमच्या उघड्या अंगाशी धरून बॅगेत घ्या, शुद्धीवर असेल तर कोमट गोड काहीतरी पाजा आणि दुसऱ्या माणसाला मदतीसाठी पाठवा. सतत उलट्या, धाप, न उतरणारी डोकेदुखी यातलं काही असेल तर सकाळची वाट बघत बसू नका.

परत आल्यावर एक पथ्य पाळा. तो घाबरला, रडला किंवा पँट ओली झाली, हे फोनवर मैत्रिणीला रंगवून सांगू नका, निदान त्याच्या कानावर जाईल असं तरी नको. त्याने खुंट्या ठोकल्या, आवाजांना नावं ठेवली, ते सांगा. तेही त्यालाच सांगू द्या, आधी आजीला.

सासूबाईंची काळजी वादाने मिटणार नाही. त्यांना कागद द्या. कुठे जाणार, कोणत्या वाटेने, बरोबर कोण, तंबू कुठे, गाडी कुठे उभी, तिथल्या बचावपथकाचा किंवा पोलिसांचा नंबर, हे सगळं एका पानावर लिहून नवऱ्याकडे आणि त्यांच्याकडे एकेक प्रत ठेवा. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकानेच हे करायला हवं, मूल असो नसो. फक्त वेळ लिहिताना हात सैल सोडा. चारला खाली पोचणार असाल तर 'आठपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळवा' असं लिहा. 'चारला फोन करते' असं सांगून गेलात आणि वाटेत रेंज नसली, तर साडेचारला सासूबाई देव पाण्यात घालून बसतील आणि पुढच्या ट्रेकचं नाव काढायची तुमची सोय उरणार नाही.